हा प्राणवायू कोणाचा?

ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्या गुरुजींनीच मला हायड्रिलाचा प्रयोग प्रथम दाखविला. पाण्यात हायड्रिलाच्या फांद्या, त्यांवर पालथे नरसाळे, नरसाळ्याच्या दांड्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. उन्हात ठेवताच बुडबुडे वर चढू लागत. नळीत साठलेल्या वायूत विझू घातलेली काडी धरली की ती पुन्हा पेटे.

पुढे बेळगावात शिक्षक झाल्यावर मी हाच प्रयोग दाखवून सांगत असे, की वनस्पती कार्बन डायऑक्साइड फोडते, कार्बन ठेवून घेते आणि प्राणवायू सोडते. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा होऊन बुडबुडे वाढत. त्यामुळे माझे म्हणणे सिद्धच झाल्यासारखे वाटे. एके दिवशी एका मुलीने विचारले, ‘‘सर, पाण्यातही प्राणवायू असतो ना? मग हा पाण्यातला नाही कशावरून?’’ मी निरुत्तर झालो. रात्री पुस्तके काढून बसलो, तेव्हा कळले की इतकी वर्षे मी चुकीचे शिकवीत होतो.

काही गंधकजीवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरून प्रकाशात अन्न बनवितात. त्यांच्याकडून प्राणवायू सुटत नाही, गंधक सुटतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये गंधक नसतोच. म्हणजे फुटते ते हायड्रोजन सल्फाइड. मग हिरव्या पानात फुटत असेल ते पाणी, असा तर्क व्हान नील यांनी १९३० च्या सुमारास केला. १९४१ साली रुबेन, केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरेला या शैवालाला जड प्राणवायूचे पाणी दिले. बाहेर पडलेला वायूही जडच निघाला!

हरितद्रव्याने शोषलेल्या प्रकाशाच्या बळावर पाणी फुटते. त्यातून मिळालेली शक्ती आणि हायड्रोजन वापरून पुढे कार्बन डायऑक्साइडची साखर होते. ही पुढची क्रिया अडली की पाणी फुटणेही मंदावते. सोड्याचा चमत्कार तो एवढाच. आता हिशेब पाहा. साखरेच्या एका रेणूमागे प्राणवायूचे बारा अणू सुटतात. पण आपण समीकरणात लिहितो त्या पाण्याच्या सहा रेणूंत ते सहाच असतात. म्हणून फुटतात बारा रेणू, आणि सहा नवे तयार होतात.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरील सहाच्या जागी बारा लिहिले आणि मुलांना वह्या दुरुस्त करायला सांगितल्या. आधीच्या तुकड्यांच्या वह्या मात्र आता कोठून आणणार!