सात सैनिकांच्या झाल्या पाच मुली!

रशियन लेखक बरीस वसील्येव यांच्या हाती एक खरा प्रसंग लागला होता. दुसऱ्या महायुद्धात किरोव्ह रेल्वेमार्गावरच्या एका आडबाजूच्या थांब्यावर, जखमांतून बरे झालेले सात सैनिक पहाऱ्यावर होते. रूळ उडवायला आलेल्या जर्मन टोळीला त्यांनी अडवलं. जिवंत राहिला तो फक्त त्यांचा सार्जंट. वसील्येव यांनी लिहायला घेतलं, काही पानं झाली आणि लेखणी अडली. असे पराक्रम त्या युद्धात ठायीठायी घडले होते, मग यात नवं काय? तेव्हा त्यांना सुचलं, सार्जंटच्या हाताखाली मुली असल्या तर? विमानवेधी तोफा चालवणाऱ्या पाच मुली आणि सार्जंट-मेजर वास्कोव्ह यांची ही लघुकादंबरी १९६९ मध्ये आली. १९७२ च्या चित्रपटात दिग्दर्शक रस्तोत्स्की यांनी युद्ध कृष्णधवल ठेवलं आणि मुलींच्या घरच्या आठवणींना रंग दिले. हा चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. गंमत म्हणजे २००९ मध्ये याच कथेच्या आधारानं ‘पेराण्मै’ नावाचा तमिळ चित्रपट निघाला. त्यात त्या पाच जणी झाल्या एनसीसीच्या कॅडेट, आणि वास्कोव्ह झाला वनखात्यातला माणूस!

आता पुण्यात या. ‘राऊ’मुळे ना. सं. इनामदार घरोघरी पोहोचले. भन्साळींचा २०१५ चा ‘बाजीराव मस्तानी’ याच कादंबरीवर बेतलेला. पण युद्धानं एका बाईचं काय केलं हे वाचायचं तर त्यांची ‘शिकस्त’ हातात घ्या. नायिका पार्वतीबाई, सदाशिवरावभाऊंची पत्नी. १४ जानेवारी १७६१ ला त्या पानिपतावरच होत्या. त्या गर्दीतून त्या कशाबशा वाचल्या आणि परतल्या, भाऊ परतले नाहीत. पतीचा मृत्यू त्यांनी कधीच मानला नाही. १७८३ मध्ये डोळे मिटेपर्यंत, म्हणजे तब्बल बावीस वर्षं, त्या सौभाग्यवती म्हणूनच जगल्या. मधल्या काळात ‘मीच भाऊ’ म्हणणारा तोतया उभा राहिला, त्यानं माणसं जमवली आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. पानिपतावर आपण किती लिहिलं, किती हळहळलो! त्या बावीस वर्षांची आठवण मात्र फार थोड्यांनी ठेवली.

झाशीच्या राणीवरच्या कादंबऱ्या-नाटकांची गणती करायला बसलात तर दिवस मावळेल. हिंदीत वृंदावनलाल वर्मांची कादंबरी १९४६ ची. बंगालीत महाश्वेता देवींचं पहिलंच पुस्तक ‘झाँसीर रानी’, १९५६ चं, चरित्र आणि कथेच्या सीमेवरचं. त्यासाठी त्या बुंदेलखंडात फिरल्या, लोकांच्या तोंडच्या आठवणी आणि गाणी गोळा केली.

आणि प्रत्यक्ष पाहिलेली राणी हवी असेल तर आपले वरसईचे विष्णुभट गोडसे आहेतच. दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेलेला हा कोकणातला भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला. ‘माझा प्रवास’ छापून आलं १९०७ मध्ये. त्यातला काल्पीच्या वाटेवरचा विहिरीचा प्रसंग वाचाच. धुळीनं माखलेली, पुरुषी वेशातली, तहानलेली राणी. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. आपण विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी ओढू नका, असं सांगून ती स्वतः मडक्यानं पाणी शेंदते आणि ओंजळीनं पिते. एवढं साधं, एवढं नेमकं! कुठल्याही कादंबरीकारानं हेवा करावा असं.

क्रिस्टिन हॅना यांची ‘द नाइटिंगेल’ (२०१५) वाचताना पिरनीज पर्वत ओलांडणारी इझाबेल अतिरंजित वाटते? तिच्यामागे उभी आहे बेल्जियमची आंद्रे द योंग. १९४१ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, एक ब्रिटिश सैनिक आणि दोन बेल्जियन तरुणांना घेऊन ती थेट स्पेनमधल्या बिल्बाओच्या ब्रिटिश वकिलातीत जाऊन उभी राहिली. पुढे तिच्या ‘कॉमेट’ मार्गानं शत्रुप्रदेशात अडकलेले शेकडो जण सुटले. १९४३ मध्ये ती पकडली गेली तेव्हा तिनं सरळ सांगितलं की प्रमुख मीच. गेस्टापोचा विश्वासच बसेना, एक पोरगी हे सगळं चालवते? त्यांच्या याच समजामुळे तिचा जीव वाचला असं मानतात. छळछावण्यांतून ती परतली आणि पुढे आफ्रिकेत कुष्ठरुग्णांची शुश्रूषा करत राहिली.

इरेन नेमिरोव्स्की यांनी तर इतिहास होण्याआधीच कादंबरी लिहिली. कागदाची टंचाई, म्हणून मुंगीएवढं अक्षर. पॅरिस सोडून पळणारी माणसं, जर्मन सैनिक घरात मुक्कामाला असलेलं खेडं, हे सगळं घडत असतानाच त्या लिहीत होत्या. पाच भागांचा बेत होता, दोन झाले. जुलै १९४२ मध्ये त्यांना अटक झाली आणि ऑगस्टमध्ये आउश्विट्झला त्यांचा अंत झाला, वय ३९. वही सुटकेसमध्ये घालून मुली लपत-छपत राहिल्या. आईची रोजनिशी असेल, वाचवणार नाही, म्हणून थोरल्या डेनिझनं ती कित्येक वर्षं वाचलीच नाही. ‘स्वीत फ्रांसेझ’ छापून यायला २००४ उजाडलं.

‘गॉन विथ द विंड’ (१९३६) ची नायिका मसुद्यात स्कार्लेट नव्हती, पॅन्सी होती. शेवटचं प्रकरण मार्गारेट मिचेल यांनी सगळ्यांत आधी लिहिलं. या दोन गोष्टी पुष्कळांना ठाऊक असतात. दुसऱ्या मार्गारेटचं नाव कमी ऐकू येतं. मार्गारेट वॉकर यांच्या आजीनं त्यांना आपल्या आईची, म्हणजे गुलामीत जन्मलेल्या पणजीची, हकिगत सांगितली होती. वॉकर यांनी ती तीसेक वर्षं मनात आणि कागदांवर वागवली, आयोवा विद्यापीठात डॉक्टरेटसाठी सादर केली आणि १९६६ मध्ये ‘जुबिली’ म्हणून प्रसिद्ध केली. अमेरिकेतलं यादवी युद्ध तेच, प्रांतही तोच जॉर्जिया. फक्त मिचेल यांच्या पुस्तकात हवेलीतल्या मालकिणीचं युद्ध आहे आणि वॉकर यांच्या पुस्तकात तिथल्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या व्हायरीचं. स्कार्लेट वाचून झाली असेल तर आता व्हायरीला भेटाच.