ध्रुवपदाच्या ओळीची जुळणी

ज्या संत मुक्ताबाईंच्या नावाने पूर्वीचे एदलाबाद आज मुक्ताईनगर म्हणून ओळखले जाते, त्यांच्या ताटीच्या अभंगांत ध्रुवपद पुनःपुन्हा येते. अशा संहितेच्या दोन नकला संगणकाने ताडताना कोणते ध्रुवपद कोणाशी जुळवावे, हे संदिग्ध राहते.

• संदिग्धता : मध्ये नवे कडवे घातल्यास आधीच्या कडव्याचे ध्रुवपदही ‘नवे’ ठरू शकते, फरकाच्या ओळी तितक्याच भरतात.
• डिफ (युनिक्समधील फाइल-तुलनेची आज्ञा, १९७४) : क्रम न मोडणारी सर्वांत दीर्घ समान ओळमालिका शोधतो.
• मायर्स पद्धती (१९८६) : कमीत कमी ओळी घालून-गाळून फरक मांडते.
• पेशन्स पद्धती : दोन्ही नकलांत एकदाच येणाऱ्या ओळी प्रथम जुळवते, ध्रुवपदांचा विचार नंतर.
• त्रिपक्षी विलीनीकरण : दोन्ही नकलांची समान मूळ प्रत संदर्भ म्हणून, एकाच जागी दोन भिन्न दुरुस्त्या आढळल्यास निर्णय संपादकाकडे.