चाळिशीचा चष्मा, विशीची नोकरी

मराठीने एका वयाला आणि एका वस्तूला एकच नाव दिलं आहे: चाळिशी. त्या वयात डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळ बघताना पूर्वीसारखं फुगत नाही. मग वर्तमानपत्र लांब धरावं लागतं. ४० सेंटिमीटरवरचं अक्षर नीट दिसायला अडीच डायऑप्टरची ताकद जास्त लागते. डोळ्याला जमेल तेवढी तो देतो, उरलेली काच भरून काढते. चाळिशीचा ‘नंबर’ म्हणतात तो हाच!

टायटनची चष्म्याची दुकानं २००७ मध्ये सुरू झाली, लेन्सकार्ट ही कंपनी २०१० मध्ये. दोघांच्या शाखा आता नाशिकमध्येही आहेत. अशी शाखा उघडली की कुणाला काम मिळतं? यंत्र काही सेकंदांत नंबराचा अंदाज सांगतं, पण शेवटचा नंबर ठरतो तो ‘हे स्पष्ट दिसतं की ते?’ या धीराच्या संवादातून. त्यासाठी चार वर्षं शिकलेला ऑप्टोमेट्रिस्ट लागतो. बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजणारा, काडी कानावर नीट बसवणारा हातही लागतो. काच घासण्याचं काम मात्र पूर्वी दुकानाच्या मागच्या खोलीत चालायचं. अशा दुकानांच्या साखळ्यांत ते बरंचसं दूरच्या कारखान्यात जातं. लेन्सकार्टचा मोठा कारखाना राजस्थानात भिवाडीला आहे. शहराच्या वाट्याला आलेल्या रोजगाराचा हिशेब करताना हेही धरायला हवं.

पण मला थक्क करतो तो काउंटरच्या अलीकडचा रोजगार, चष्मा घालून बाहेर पडणाऱ्याचा. आसामात चाळिशी ओलांडलेल्या ७५१ चहातोडणी कामगारांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळचा चष्मा मिळालेल्यांची तोडणी, न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्के जास्त वाढली. चहाचं पान तर चांगलं बोटभर असतं! नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याच्या हातमागावर पैठणीचा मोर केसासारख्या रेशीमधाग्यांतून उठतो. निफाडच्या द्राक्षबागेत विरळणी करणारीला घडातला नेमका मणी कात्रीने टिपायचा असतो. या हातांना काचेची किती गरज असेल!

म्हणून साखळ्यांनी पुढची शाखा नाशिकच्या कॉलेज रोडला न काढता येवल्यात, निफाडात काढावी. आणि तुमच्या घरी सुईत दोरा ओवायला कुणी नातवंडांना हाक मारत असेल, तर येत्या रविवारी हाक मारणाऱ्याचा नंबर काढून आणा.