गालगुंड, मंगनबावू आणि हळदीचा लेप

मराठीत गालगुंड, कन्नडमध्ये मंगनबावू. मंग म्हणजे माकड. गालात फुटाणे भरलेल्या माकडासारखा चेहरा दिसतो, म्हणून हे नाव पडले असावे. भालकी-औराद असो वा आळंद, आमच्या घरांत दोन्ही नावे चालतात आणि उपायही तेच: हळदीचा कोमट लेप, कडुनिंबाचा वाटलेला पाला, उगाळलेली सुंठ.

माझी आजीही लेप लावायची आणि आठवड्यात सूज उतरायची. पण हा विषाणूचा आजार. बहुधा आठ-दहा दिवसांत तो आपोआप ओसरतो. लेपाने बरे वाटते, विषाणू मरत नाही. हळद जरूर लावा. चुना मात्र नको, कातडी भाजते. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायला लावा, मऊ वरण-भात द्या. चिंच-लिंबू टाळा, आंबटाने लाळ सुटते आणि कळ वाढते. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका.

सूज आल्यापासून पाच दिवस मुलाला शाळेत पाठवू नका. जोराची डोकेदुखी, उलट्या, ताठलेली मान, कमी ऐकू येणे किंवा वयात आलेल्या मुलाच्या अंडकोषाला सूज दिसली, तर लेप बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

कर्नाटकात २०१७ साली गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम झाली. त्या लसीत गालगुंडाचा समावेश नाही. तो एमएमआर लसीत असतो. तेव्हा बाळाचे लसीचे कार्ड आजच काढून पाहा आणि डॉक्टरांना विचारा.