दिवा कोठे ठेवावा?

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा आहेत, असे आपण शाळेपासून शिकत आलो. आता या यादीत इंटरनेटची भर घालावी लागेल, असे कोणी म्हणाले तर त्याला हसण्याचे कारण नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, निकाल, शेताचा सातबारा ही सारी कामे आज त्यावर चालतात. म्हणूनच शहरांप्रमाणे तालुक्याच्या गावांतही वायफाय आले आहे. परंतु वायफाय घरात येणे ही एक गोष्ट आणि ते घरभर पोहोचणे ही अगदी निराळी गोष्ट. ओसरीवर मोबाईल पळतो आणि स्वयंपाकघरात तोच रांगतो, हा अनुभव वाचकांपैकी अनेकांना असेल. अशा वेळी दुकानात गेले तर उपाय अनेक सांगतात. त्यांतला आपल्या घराला कोणता योग्य हे कसे ठरवावे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

या विषयाकडे मी वळले ती हौस म्हणून नव्हे. आमचे घर जुने, दगडमातीचे. पुढे ओसरी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि अलीकडे मागच्या बाजूला स्लॅब टाकून वर बांधलेली एक खोली. ज्या खिडकीतून तार आत आली त्याच खिडकीपाशी जोडणी करणाऱ्या माणसाने राउटर बसविला आणि तो निघून गेला. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची रात्र होती. उत्पन्नाचा दाखला काही केल्या अपलोड होईना. वरच्या खोलीतून मी माजघरात आले, माजघरातून ओसरीवर. शेवटी त्या खिडकीखाली बसल्यावर पावणेबारा वाजता अर्ज गेला. आणखी पंधरा मिनिटे गेली असती तर वर्षाच्या फीचा प्रश्न उभा राहिला असता.

दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "दुकानदार एक यंत्र दाखवतोय, अडीच हजाराचं. रेंज वाढवतं म्हणे. तू कॉलेजात जातीस, तूच सांग पोरी, घ्यायचं का?"

अडीच हजार म्हणजे त्यांची पाच दिवसांची मजुरी. मी कला शाखेची विद्यार्थिनी; उत्तर मला येत नव्हते. पण घरात माझ्याशिवाय विचारावे असे दुसरे कोणी नाही. म्हणून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि मिळेल ते वाचू लागले.

प्रथम वायफाय म्हणजे काय ते पाहू. राउटर आणि मोबाईल एकमेकांशी ज्या लहरींनी बोलतात त्या रेडिओच्याच जातीच्या होत. प्रकाशही त्याच कुळातला. अशा लहरी निर्माण करून त्या ओळखता येतात हे हाइन्रिख हर्ट्झ यांनी १८८८ च्या सुमारास सिद्ध केले. पुढे १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखविली. वायफायचे पहिले तांत्रिक मानक १९९७ साली ठरले आणि 'वायफाय' हे नाव १९९९ साली रूढ झाले. आपल्या देशात त्याचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली आणि ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा २०१८ साली परवान्यातून मुक्त झाला.

या दोन पट्ट्यांतला फरक समजला की अर्धे काम झाले. २.४ च्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ च्या लहरीची सुमारे सहा सेंटिमीटर. पहिली लांबवर जाते, भिंती अधिक सोसते, परंतु तिचा वेग कमी. शिवाय शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह भट्टी यांची तिच्या वाटेवर गर्दी असते. दुसरी वेगवान, पण एकदोन भिंतींतच दमते. म्हणजे जवळच्या कामाला ५ आणि लांबच्या कामाला २.४ असा साधा हिशेब आहे.

लहरी भिंतीतून जातात खऱ्या, पण प्रत्येक भिंत आपला कर वसूल करते. लाकडी फळी थोडा घेते, विटांची भिंत त्याहून अधिक. दगडमातीची हातभर जाड भिंत आणि लोखंडी सळ्यांचा स्लॅब तर फारच घेतात. पत्रा, लोखंडी कपाट आणि मोठा आरसा लहरींना परत फिरवितात. भरलेले पाण्याचे पिंप त्या पिऊन टाकते. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हे बोलणे दुतर्फी आहे. राउटरचा आवाज मोबाईलपर्यंत पोहोचून भागत नाही. मोबाईलचा क्षीण आवाजही राउटरपर्यंत परत जावा लागतो. म्हणून नुसता 'जास्त ताकदीचा' राउटर आणून अडचण सुटतेच असे नाही.

आता उपायाकडे वळण्यापूर्वी निदान केले पाहिजे. ताप मोजल्याशिवाय औषध देणारा वैद्य आपण शहाणा मानत नाही. पहिला प्रश्न असा की, खोट वायफायमध्ये आहे की मुळात येणाऱ्या इंटरनेटमध्ये? राउटरपासून चार हातांवर उभे राहून वेग मोजावा. तेथेही तो कमी असेल तर घरात कितीही यंत्रे लावली तरी उपयोग नाही. विहिरीतच पाणी नसेल तर पाट खणून काय होणार? तेथे वेग चांगला आणि आतल्या खोलीत कमी असेल, तरच पुढचा विचार करावा.

मग वही घेऊन खोलीखोलीतून फिरावे. वायफायची शक्ती मोजणारी फुकट ॲप मोबाईलवर मिळतात. ती शक्ती डीबीएम या मापात, उणे आकड्यात दाखविली जाते. उणे ३० म्हणजे राउटरला अगदी खेटून. उणे ६५ च्या आसपासपर्यंत व्हिडिओ सुखाने चालतो. उणे ७० च्या पुढे अडखळायला सुरुवात होते आणि उणे ८० च्या पलीकडे नाव दिसते, काम होत नाही. यात १० चा फरक दिसायला लहान, परंतु तो शक्तीतला दहापट फरक असतो. आमच्या घरी ओसरीवर उणे ४०, माजघरात उणे ६४, स्वयंपाकघरात उणे ८१ आणि वरच्या खोलीत उणे ८६ असे आकडे आले. ते चार आकडे वहीत एकाखाली एक लिहिले तेव्हा मला प्रथमच कळले की, आमचे निम्मे वायफाय खिडकीबाहेर रस्त्यावर उजेड पाडत होते.

आता उपाय पाहू. ते खर्चाच्या चढत्या क्रमाने घ्यावेत, म्हणजे चूक झालीच तर ती स्वस्तात होते.

पहिला उपाय जागा बदलण्याचा. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर आणि उघड्यावर असावा. टीव्हीच्या मागे, कपाटात किंवा फ्रीजच्या आडोशाला ठेवू नये. त्याच्या दांड्यांतून लहरी चोहोबाजूंना आडव्या पसरतात, टोकाच्या दिशेने सर्वांत कमी जातात. म्हणून एकमजली घरात दांड्या उभ्या ठेवाव्यात आणि वर मजला असेल तर एक दांडी आडवी करून पाहावी. चाळीत किंवा सदनिकांत शेजाऱ्यांचे राउटर दाटीने असतात. तेथे २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ या एकमेकांवर न चढणाऱ्या चॅनेलांपैकी कमी गर्दीचा निवडावा. या उपायाला पैसा जवळजवळ लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच तो दुकानात सांगत नाहीत.

दुसरा उपाय तारेचा. बिनतारी गोष्टीला तारेचा उपाय, हे ऐकून अण्णांना हसू आले होते. पण भिंत तारेकडून कर घेत नाही. साधी लॅन केबल १०० मीटरपर्यंत वेग न गमावता नेता येते. टीव्ही, संगणक अशी एका जागची उपकरणे तारेवर घेतली की हवेतली गर्दीही कमी होते. केबलच्या दुसऱ्या टोकाला दुसरा राउटर लावला की त्या खोलीत ताजे वायफाय तयार होते. यासाठी अडगळीतला जुना राउटरही चालतो. मात्र उपकरणांना पत्ते वाटण्याचे त्याचे डीएचसीपी नावाचे काम बंद करावे, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरहून वेगळा ठेवावा आणि केबल त्याच्या लॅनच्या छिद्रात घालावी. तार ओढण्याची सोय असेल तेथे यासारखा भरवशाचा उपाय नाही.

तिसरा उपाय म्हणजे दुकानदाराने दाखविलेले यंत्र, अर्थात एक्स्टेंडर. हे यंत्र राउटरचे ऐकते आणि पुढे सांगते. साध्या एक्स्टेंडरला एकाच चॅनेलवर ऐकायचे आणि बोलायचे असल्याने वेग निम्म्यावर येतो. त्यातही लोक ते जेथे रेंज नाही तेथेच लावतात. पण ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? ते राउटर आणि अंधारी खोली यांच्या मध्ये, जेथे रेंज अजून बरी आहे तेथे लावावे. भाड्याच्या घरात, तार ओढता येत नसताना, एका खोलीतल्या किरकोळ कामापुरते ते उपयोगी पडते.

चौथा उपाय मेश पद्धतीचा. यात दोनतीन यंत्रे एकाच नावाचे वायफाय घरभर पसरवितात आणि आपण चालू तसा मोबाईल एकाकडून दुसऱ्याकडे सोपविला जातो. मोठ्या, दोनतीन मजली घराला ही पद्धत उत्तम, पण महाग. शिवाय ही यंत्रे आपापसांत बिनतारी बोलत असतील तर जाड भिंत त्यांनाही सोडत नाही. ती तारेने जोडली तर खरा लाभ होतो. घरातल्या विजेच्या तारांतूनच इंटरनेट नेणारी पॉवरलाइन नावाची यंत्रेही मिळतात. परंतु वायरिंग जुने असेल, किंवा दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतील, तर त्यांचा भरवसा धरता येत नाही.

तेव्हा निवड थोडक्यात अशी. एकदोन खोल्यांचे घर असेल तर जागा व चॅनेल बदलून बहुधा भागते. लांबट किंवा जाड भिंतींचे घर असेल तर तार आणि दुसरा राउटर. मोठा बंगला आणि हाती पैसा असेल तर तारेने जोडलेले मेश. आणि काहीच शक्य नसेल तर एक्स्टेंडर.

आमच्या घरी काय झाले ते सांगून लेख संपविते. राउटर कोठे हलवावा यावर मी आणि धाकटा भाऊ वाद घालीत असता आजी म्हणाली, "आम्ही कंदील माजघराच्या दारावरल्या देवळीत ठेवायचो. म्हंजे एका कंदिलात दोन्ही खोल्या दिसायच्या." मी मोजून पाहिले, खरोखरच त्याहून चांगली जागा घरात नव्हती. आत येणारी तार काचेच्या तंतूची, ती स्वतः ओढू अगर मोडू नये. म्हणून जोडणी करणाऱ्या माणसाला पुन्हा बोलावून ती देवळीपर्यंत घेतली. स्वयंपाकघरातला आकडा उणे ८१ वरून उणे ६६ वर आला. वरच्या खोलीला मात्र स्लॅब आडवा येत होता. तेथे मामांकडे पडून असलेला जुना राउटर आणला आणि वीस मीटर केबल जिन्याच्या कडेने नेली. सारा खर्च हजाराच्या आत झाला. ओसरीवर पूर्वीइतका वेग आता नाही, आणि वीज गेली की राउटर बंद पडतो; त्याला एक लहान बॅटरी लागेल, ती अजून घेतलेली नाही. पण या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज मी वरच्या खोलीत माझ्या टेबलापाशी बसून भरला, आणि तोही मुदतीच्या आठ दिवस आधी.

अण्णांनी त्यानंतर शेजारच्या काकांना सांगितले, "यंत्र घेऊ नका एवढ्यात. आमची पोरगी येऊन आधी मोजून देईल." पुढच्या रविवारी मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांचा राउटर लोखंडी कपाटाच्या मागे होता.