एरोबिक व कोअर व्यायाम आणि श्वसनक्षमता

भरभर चालणे, धावणे, पोहणे यांसारखे, हृदयाची व श्वासाची गती बराच वेळ वाढती ठेवणारे व्यायाम एरोबिक होत. पोट, कंबर, पाठ व ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट करणाऱ्या प्लँकसारख्या व्यायामांना कोअर व्यायाम म्हणतात. दोन्ही एकत्र केल्यास श्वसनक्षमता वाढते; मात्र व्यायामाने फुप्फुसेच मोठी होतात ही रूढ समजूत बरोबर नाही.

फुप्फुसांचे आकारमान

निरोगी प्रौढांत ते मुख्यतः उंची, वय व लिंग यांवर अवलंबून असते. पूर्ण श्वास घेऊन जास्तीत जास्त किती हवा बाहेर टाकता येते, हे जॉन हचिन्सन या इंग्लिश वैद्याने १८४६ साली स्पायरोमीटरने मोजून दाखविले. उंचीशी असलेला तिचा संबंधही त्यानेच नोंदविला. प्रौढ पुरुषाच्या फुप्फुसांत सुमारे ६ लिटर हवा मावते, तर शांत बसल्यावर एका श्वासात केवळ ५०० मिलिलिटरच्या आसपास हवा आतबाहेर होते. राखीव जागा एवढी असल्यामुळे निरोगी माणसाला धाप लागते ती फुप्फुसे अपुरी पडल्याने नव्हे, तर बहुधा हृदय व स्नायू कमी पडल्याने.

व्यायामाचे कार्य

एरोबिक व्यायामाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पाठवू लागते आणि स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात. परिणामी तेवढ्याच श्रमाला कमी श्वास लागतो.

कोअर व्यायामाचा संबंध श्वासपटलाशी आहे. उदरपोकळीचे छत असलेला हा स्नायू श्वास घेताना खाली सरकतो. त्याच वेळी धड स्थिर राखण्याचे कामही त्याच्याकडे असते. पोट व पाठीचे स्नायू दुबळे असतील, तर ही दोन्ही कामे एकाच स्नायूवर पडतात. शिवाय जोराने श्वास सोडताना पोटाचे स्नायू श्वासपटल वर ढकलतात, म्हणून ते बळकट झाल्यास उच्छ्वासाचा जोर वाढू शकतो. गायकाचा दमसास म्हणतात तोही पुष्कळसा याच नियंत्रणावर अवलंबून असतो. तीव्र श्रमात श्वसनाचे स्नायू थकले, की हातापायांचा रक्तपुरवठा आखडतो. या टप्प्यावर दोन्ही व्यायाम परस्परपूरक ठरतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम एरोबिक व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायुबळाचे व्यायाम सुचविले. प्लँक करताना श्वास रोखू नये. त्याने रक्तदाब एकाएकी चढतो.

रुग्णांच्या बाबतीत

सीओपीडी या जुनाट फुप्फुसविकारात (धूम्रपान न करताही चुलीच्या धुरामुळे तो अनेक स्त्रियांना होतो) वायुकोशांची झालेली हानी भरून येत नाही. वैद्यकीय देखरेखीखालील व्यायामानंतरही स्पायरोमीटरचे आकडे जवळपास तेच राहतात. तरीही रुग्णाची धाप कमी होते आणि तो अधिक अंतर चालू शकतो. केवळ आकडे पाहून व्यायाम सोडणारा रुग्ण हा लाभ गमावतो.