खारं पाणी कोणत्या विषयात येतं?



२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आंतरविद्याशाखीय शिक्षण हा शब्द आपल्या कानावर वरचेवर पडू लागला आहे. त्याचा अर्थ पुष्कळदा असा घेतला जातो, की विज्ञानाच्या विद्यार्थ्यानं एक पेपर इतिहासाचा घ्यावा आणि कलाशाखेच्या विद्यार्थ्यानं एक संगणकाचा. हे चांगलंच आहे. परंतु याला बहुविद्याशाखीय म्हणावं. इथे विषय शेजारी शेजारी बसतात, एकमेकांशी बोलतीलच असं नाही.

मग आंतरविद्याशाखीय म्हणजे काय? व्याख्येच्या आधी उदाहरण बघू, आणि ते आपल्या पायाखालचंच घेऊ.

बाळापूरच्या किल्ल्याजवळून वाहणाऱ्या मन आणि म्हैस या नद्यांचं पाणी पुढे पूर्णेला मिळतं. त्या पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून आपला खारपाणपट्टा पसरला आहे. सांगा बरं, हा खारपाणपट्टा कोणत्या विषयात येतो?

मृदाशास्त्रज्ञ म्हणेल, माझ्या. मातीत सोडियम वाढला की चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. त्यावर उपाय जिप्समचा. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. पण सुटलेला सोडियम धुऊन जायला गोडं पाणी लागतं आणि निचराही लागतो. गोडं पाणी कुठून आणायचं? शेततळ्यातून. शेततळ्यात जमीन जाते, ते दोन एकरवाल्याला परवडेल का? आणि जो बटईनं शेती करतो, तो दुसऱ्याच्या जमिनीत स्वतःच्या पैशानं जिप्सम कशाला टाकेल? बघा, शेताच्या धुऱ्यावरून आपण हललो नाही, पण प्रश्न रसायनशास्त्रातून अर्थशास्त्रात आणि तिथून जमिनीच्या कायद्यात गेला.

आता याहून अवघड गोष्ट. या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराची तक्रार गावोगाव ऐकू येते. कोणी क्षारांकडे बोट दाखवतो. डॉक्टर मधुमेह, रक्तदाब, वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांचीही चौकशी करतो. उन्हात राबणारा मजूर पाणी खारं लागतं म्हणून कमीच पीत असेल, हीही शक्यता आहे. प्रत्येक जण 'कारण' हाच शब्द वापरतो, पण प्रत्येकाच्या मनातला पुरावा वेगळा असतो. एकाला पाण्याचा नमुना हवा, दुसऱ्याला रक्ताची तपासणी, तिसऱ्याला माणसाची हकीकत.

इथे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचं थोडं काम आहे. न्यायदर्शनानं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं मानली. वाद करायचा तर प्रमाण कशाला म्हणायचं हे आधी स्पष्ट हवं. कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे पाणी भरणाऱ्या बाईला ठाऊक असतं. तिचं सांगणं म्हणजे अंतिम सिद्धांत नव्हे, परंतु नमुना कुठून घ्यायचा हे त्यातून कळतं. म्हणून आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणजे प्रश्न एकत्र मांडणं आणि कोणता पुरावा चालेल हे एकत्र ठरवणं. निष्कर्ष शेवटी एका फायलीत बांधले, तर ते संशोधन आंतरविद्याशाखीय होत नाही.

हे आपल्याकडे झालेलं आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक. हातात फिरून फिरून नाणं झिजतं, या साध्या गोष्टीला त्यांनी संख्याशास्त्राची जोड दिली, प्राचीन नाण्यांची वजनं केली आणि त्यातून इतिहासाला नवा पुरावा मिळवून दिला. त्यासाठी त्यांनी गणित सोडलं नाही, उलट ते पक्कं होतं म्हणूनच हे जमलं. स्वतःचा विषय कच्चा ठेवून दुसऱ्याच्या अंगणात गेलं, तर दोन्हीकडे पाहुणेच राहतो आपण.

आपल्याजवळ अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीत १९८३ पासून विद्यापीठ आहे, अकोल्यात वैद्यकीय महाविद्यालयही आहे. अंतर रस्त्याचं नाही, विभागांचं आहे. एका विद्यार्थ्याला दोन शाखांचे मार्गदर्शक मिळावेत. दोघांच्या कामाची सारखी नोंद व्हावी. नाहीतर तरुण प्राध्यापक आपली बढती धोक्यात घालून दुसऱ्या विभागाची पायरी का चढेल?

सुरुवात लहान करू. एक गाव, एक प्रश्न, पाच वर्षं. मातीवाला, डॉक्टर, अर्थशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ यांची एकच नोंदवही. आणि जे हाती लागेल ते प्रबंधात बांधून ठेवण्याआधी मराठीत त्या गावाला वाचून दाखवायचं. चुकलं असेल तर गाव सांगेल.